निदानाच्या शोधातले आयुष्य : डॉ. आनंदीबाई जोशी

अंगात ताकद नाही, डोके सतत ठणकते, मधूनच ताप चढतो, कधी धाप लागते. आज कुणीही डॉक्टरकडे जाऊन सांगेल अशी ही लक्षणे. आनंदीबाई जोशी यांना अमेरिकेला जाण्याआधीच, बंगालमध्ये असताना हा त्रास सुरू झाला होता. तेव्हा त्या अठरा वर्षांच्याही नव्हत्या आणि दुखणे नेमके काय, हे सांगणारे कुणी नव्हते.

कल्याणच्या जोशी घराण्यातल्या यमुनेचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. नवव्या वर्षी तिचे लग्न टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या, वयाने बऱ्याच मोठ्या गोपाळराव जोशींशी झाले आणि ती आनंदी झाली. बायकोने शिकलेच पाहिजे, हा गोपाळरावांचा हट्ट होता. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. योग्य उपचार न मिळाल्याने तो दहा दिवसांतच गेला. डॉक्टर होण्याचा निश्चय या दुःखातून आला.

गोपाळरावांच्या बदल्यांबरोबर अलिबाग, कोल्हापूर, भूज असा प्रवास करत हे जोडपे कलकत्त्याला आणि पुढे जवळच्या सेरामपूरला पोहोचले. तिथेच प्रकृती ढासळू लागली. अमेरिकेतल्या न्यू जर्सीत राहणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता. आनंदीबाई त्यांना मावशी मानत. या मावशीने पत्रांतून कळलेल्या लक्षणांवरून तिकडून औषधे पाठवली. गुण आला नाही. ज्याने रोग्याची नाडी पाहिली नाही, छाती तपासली नाही, त्याचे औषध अंदाजानेच दिलेले असते.

१८८३ मध्ये सेरामपूरच्या कॉलेजातल्या सभेत आनंदीबाईंनी परदेशी जाण्याचे कारण सांगितले. या देशाला स्त्री डॉक्टरांची गरज आहे आणि आपल्याला तेच व्हायचे आहे, असा त्या भाषणाचा आशय होता. त्यामागे रोजचा अनुभव होता. पुरुष डॉक्टरला दुखणे दाखवायचे नाही म्हणून असंख्य बायका तशाच सोसत राहत. तक्रार सांगताच आली नाही, तर तपासणी होत नाही. तपासणी नाही, तर निदान कुठून होणार?

एप्रिल १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. फिलाडेल्फियातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला. पेन्सिल्व्हेनियाचा कडाक्याचा हिवाळा, परका आहार आणि अभ्यासाचा ताण यांत आधीच नाजूक असलेली तब्येत आणखी खालावली. तरीही ११ मार्च १८८६ रोजी त्या पदवीधर झाल्या. प्रबंधाचा विषय हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी त्या एक. कोल्हापूर संस्थानाने त्यांना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातल्या स्त्री विभागाचे प्रमुखपद देऊ केले.

पण तोवर क्षयाने त्यांना पोखरले होते. १६ नोव्हेंबर १८८६ रोजी त्या मुंबईला परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय बावीसही पूर्ण नव्हते. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांना एकही दिवस काम करता आले नाही.

क्षय जंतूमुळे होतो, हे रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केले होते, म्हणजे आनंदीबाई बोटीत बसण्याच्या वर्षभर आधी. मात्र छातीच्या आत डोकावणारे क्ष-किरण सापडले १८९५ मध्ये, आणि क्षयावरचे पहिले प्रभावी प्रतिजैविक स्ट्रेप्टोमायसिन १८४३ नव्हे, तर थेट १९४३ मध्ये. जंतू ओळखण्यापासून औषधापर्यंत साठ वर्षे गेली.

त्याच काळात रेंगाळणाऱ्या इतर तापांचीही कारणे उलगडत गेली. गुरांचा एक ताप गोचिडांमुळे पसरतो, हे १८९३ मध्ये सिद्ध झाले. माणसाला होणारा ठिपक्यांचा एक ताप गोचिडांमुळेच होतो, हे हॉवर्ड रिकेट्स यांनी १९०६ मध्ये दाखवले. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, माणसे तापाने आजारी पडली आणि गोचिडांतून पसरणारा विषाणू सापडला. हाच माकडताप पुढे सिंधुदुर्गातही आला. स्क्रब टायफस हा आणखी एक ताप झुडपांतल्या बारीक किड्यांच्या अळ्या चावल्याने होतो.

या सगळ्या आजारांची सुरुवात सारखीच असते : ताप, डोकेदुखी, अंगदुखी, थकवा. म्हणून मेढ्यासारख्या डोंगराळ, गवताळ आणि गुराढोरांच्या भागात ताप रेंगाळला, तर डॉक्टरांना केवळ ताप आहे एवढेच सांगून भागत नाही. ताप कोणत्या दिवशी सुरू झाला, रोज किती आणि कोणत्या वेळी चढतो, हे लिहून ठेवावे. रानात, गवतात किंवा गोठ्यात वावर झाला का, गोचीड चिकटले होते का, आसपास माकडे मेली का, हे न विचारताही सांगावे. काख, जांघ, कमरेची घडी अशा झाकलेल्या जागी काळी खपली दिसते का, ते पाहावे. ती स्क्रब टायफसची खूण असू शकते आणि लवकर ओळखल्यास त्यावर डॉक्सिसायक्लिनसारखे औषध चांगले लागू पडते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप किंवा घटते वजन असेल, तर थुंकीची तपासणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी आणि औषधे मोफत मिळतात.

घरातल्या बाईने थकवा येतो म्हटले, की कामाचा शीण म्हणून ते सोडून देण्याची सवय मात्र अजून गेलेली नाही. आनंदीबाईंनी समुद्र ओलांडला तो याच सवयीविरुद्ध. सहा महिने रेंगाळलेल्या तापासाठी तिला आज तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन जाणे, एवढे तरी आता घरच्यांच्या हातात आहे.