कलामहर्षी बाबूराव पेंटर : मूकपटाच्या काळातला गुरू



चौथीच्या इतिहासात तानाजी मालुसरे यांचा पाठ आला की वर्ग कसा गप्प होऊन ऐकतो, ते आपण सगळेच जाणतो. हीच गोष्ट १९२३ साली कोल्हापूरच्या एका कलाकाराने पडद्यावर आणली, तीही आवाजाशिवाय! चित्रपटाचं नाव 'सिंहगड'. हरि नारायण आपटे यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीवर तो बेतलेला होता. आणि कलाकार होते बाबूराव पेंटर.

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. त्यांचं मूळ आडनाव मेस्त्री. शालेय शिक्षण फारसं झालं नाही. पण वडील कृष्णराव सुतारकाम, चित्रकला, मूर्तिकला अशा अनेक कामांत तरबेज होते. त्यांच्या हाताखाली बाबूराव बघत बघत, करत करत शिकले. पुढे चुलतभाऊ आनंदराव यांच्यासोबत ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवू लागले आणि लोक दोघांनाही 'पेंटर' म्हणू लागले.

दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली आला आणि या भावांनाही चित्रपटाचा ध्यास लागला. विकतचा कॅमेरा परवडणारा नव्हता, म्हणून त्यांनी स्वतःच कॅमेरा बनवायला घेतला. पण १९१६ मध्ये आनंदराव वारले. दुसरा कोणी असता तर तिथेच थांबला असता. बाबूरावांनी मात्र दामले या शिष्याला सोबत घेऊन कॅमेरा पूर्ण केला. गायिका तानीबाई कागलकर यांनी पैशाची मदत केली आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२० मध्ये 'सैरंध्री' आला. पुरुषांनीच लुगडं नेसून स्त्रीची भूमिका करायच्या त्या काळात या चित्रपटात स्त्रियांनी कामं केली, हे विशेष.

आता 'सिंहगड'कडे येऊ. त्या काळी चित्रीकरण प्रामुख्याने सूर्यप्रकाशात व्हायचं. पण तानाजींनी गड चढला तो रात्री! मग अंधारातली लढाई दाखवायची कशी? बाबूरावांनी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला. आपल्याकडचा हा अगदी सुरुवातीचा प्रयोग. शेलारमामांची भूमिका करणारा तरुण म्हणजे पुढे प्रसिद्ध झालेले व्ही. शांताराम. दोन वर्षांनी 'सावकारी पाश'मध्ये त्यांनीच कर्जात जमीन गमावणारा शेतकरी साकारला.

बाबूरावांची कंपनी म्हणजे एक शाळाच होती. तिथे फळा नव्हता, परीक्षा नव्हती. पोरं झाडण्यापासून रंग कालवण्यापर्यंत पडेल ते काम करत आणि त्यातूनच घडत. पण १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर हे चार शिष्य कंपनी सोडून गेले आणि त्यांनी सीताराम कुलकर्णी यांच्यासोबत प्रभात फिल्म कंपनी काढली. ज्यांना हाताला धरून शिकवलं, तेच गेले. गुरूसाठी हा घाव लहान नव्हता. थोड्याच काळात बोलपट आले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीही बंद पडली. बाबूरावांनी नंतर काही बोलपट केले, चित्रं-शिल्पं केली, पण पूर्वीचं वैभव परत आलं नाही. १६ जानेवारी १९५४ रोजी त्यांचं निधन झालं.

आज 'सिंहगड' पाहायला मिळत नाही. त्या काळातल्या बहुतेक मूकपटांसारखा तोही काळाच्या ओघात हरवला. पण दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला 'संत तुकाराम' १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला, आणि तो आजही पाहता येतो. त्यातली प्रत्येक चौकट नीट पाहा, बाबूरावांची शिकवण तिथे दिसेल. शिष्य दूर गेले, तरी शिकवलेलं त्यांच्या हातात राहिलं. आपल्या वर्गातूनही मुलं दरवर्षी पुढे जातात, बरीचशी परत भेटतही नाहीत. त्यांच्याबरोबर काय जातं, ते महत्त्वाचं.

वर्गासाठी उपक्रम : तानाजींचा पाठ झाल्यावर मुलांचे गट करा. प्रत्येक गटाने एक प्रसंग न बोलता, फक्त हावभावांनी करून दाखवायचा आणि बाकीच्यांनी तो ओळखायचा. वर्गात न बोलणारी मुलंही यात खुलतात. नक्की करून पाहा!