डॉक्टर ड्युशेन

डॉ. ड्युशेन यांचा जन्म १८०६ साली फ्रान्समधील बुलोन या बंदराच्या गावी झाला. १८४२ साली ते पॅरिसला गेले. तिथे इस्पितळात नोकरी नव्हती, तरी ते इस्पितळोइस्पितळी फिरून रोगी तपासत. काही मुलांच्या पोटऱ्या जाडजूड दिसत, पण त्यांना धड चालता येईना. ड्युशेननी खास सुईनं स्नायूचा बारीक तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. १८६८ साली अशा १३ रोग्यांची हकीकत छापली. आजाराला त्यांचंच नाव मिळालं. १८७५ साली ते वारले.

कारण १९८७ साली नीट कळलं. जनुकातील दोषामुळे स्नायूंना बळकटी देणारं डिस्ट्रोफिन शरीरात तयारच होत नाही. पूर्ण बरं करणारं औषध अजून नाही. म्हणून अशा मुलाला कुणी आळशी म्हणू नये. मी तर त्याचं दप्तर उचलीन.