एकाच मुलखात सर्ब ७०० की २० लाख? गावोगावची माणसं मोजणाऱ्या वासिल कांचोव यांची गोष्ट

१९०० साली बल्गेरियाच्या राजधानीत, सोफियात, मॅसिडोनियावर एक पुस्तक आलं. त्यात गावांच्या याद्याच याद्या. कुठल्या गावात बल्गेरियन किती, तुर्क किती, ग्रीक किती.

या याद्यांवरून बाल्कनमध्ये आजही वाद रंगतात. त्या करणारे होते वासिल कांचोव.

कांचोव १८६२ सालचे, व्रात्सा गावचे. १८८५ च्या सर्बिया-बल्गेरिया युद्धात ते स्वयंसेवक म्हणून उतरले. पुढं जर्मनीत रसायनशास्त्र शिकायला गेले, पण शिक्षण अर्धवट राहिलं. मग सलोनिकाच्या बल्गेरियन शाळेत ते मास्तर झाले आणि १८९४ मध्ये मॅसिडोनियातल्या बल्गेरियन शाळांचे मुख्य निरीक्षक.

तेव्हा मॅसिडोनिया होता ऑटोमन साम्राज्यात. सरकार माणसं मोजायचं ती धर्मावरून. घरात कुठली भाषा बोलतात, हा प्रश्नच नव्हता. पण साम्राज्य खिळखिळं झालं होतं आणि ग्रीस, सर्बिया, बल्गेरिया अशा तिघांचाही या मुलखावर डोळा होता. गावात माणसं कुणाची, यावरून जमिनीवर हक्क सांगितला जात होता.

कांचोव गावोगाव फिरले. त्यांची बेरीज आली सुमारे २२ लाख ५८ हजार. त्यात बल्गेरियन ११ लाख ८१ हजार, तुर्क ४ लाख ९९ हजार, ग्रीक २ लाख २८ हजार. आणि सर्ब फक्त ७००!

त्याआधी १८८९ मध्ये सर्बियाची बाजू घेणाऱ्या गोपचेविच यांनी मॅसिडोनियात २० लाखांवर सर्ब दाखवले होते.

माणसं तीच होती. स्लाव्ह बोली बोलणाऱ्या शेतकऱ्याला कुठल्या रकान्यात टाकायचं, इथं सगळा खेळ होता. 'मॅसिडोनियन' असा रकाना तर दोघांकडंही नव्हता.

१९०२ मध्ये कांचोव शिक्षणमंत्री झाले. पण काही आठवड्यांतच त्यांच्या कार्यालयात त्यांची हत्या झाली. वय होतं ३९.

पुढं १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांत मॅसिडोनियाची वाटणी झाली. १९२३ च्या करारानं ग्रीसमधले बहुतेक मुस्लिम तुर्कस्तानात आणि तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन ग्रीसमध्ये पाठवले गेले. कांचोव यांच्या सलोनिकात १ लाख १८ हजारांपैकी ५५ हजार ज्यू होते. १९४३ मध्ये नाझींनी तिथला जवळपास अख्खा ज्यू समाज आउश्वित्झला धाडला.

कांचोव तटस्थ नव्हते, म्हणून त्यांचे आकडे तपासूनच घ्यावे लागतात. पण उठून गेलेल्या गावांत कधीकाळी कोण राहत होतं, हे शोधायला अभ्यासक आजही याच याद्या उघडतात.