बिडाची शेगडी आणि काचेचे छत

सहकारी गृहनिर्माण संस्था म्हटली की सामाईक जिना, पाण्याची टाकी आणि वार्षिक सभेतील वादावादी एवढेच आपल्याला आठवते. घरकामाचा भारही सामाईक करता येतो, हा विचार त्यात सहसा डोकावत नाही. ज्यां-बाप्तिस्त आंद्रे गोदँ या फ्रेंच कारखानदाराने तो एकोणिसाव्या शतकातच विटा-चुन्यात उभा केला होता.

गोदँ १८१७ साली उत्तर फ्रान्समधील एका खेड्यात कुलपे घडविणाऱ्या कारागिराच्या घरी जन्मला. शाळा लवकरच सुटली. उमेदवारीच्या काळात गावोगाव हिंडताना कामगारांचे हलाखीचे जिणे त्याने जवळून पाहिले. पत्र्याऐवजी बिडाच्या शेगड्या घडविण्याचे पेटंट त्याने १८४० मध्ये घेतले आणि त्यातून तो धनाढ्य झाला. शार्ल फूरिएच्या विचारांनी भारावून त्याने टेक्सासमधील एका आदर्श वसाहतीत पैसा गुंतविला. ती १८५५ साली स्थापन झाली आणि अल्पावधीतच मोडली. गोदँची जवळजवळ तिसरा हिस्सा संपत्ती बुडाली. दुसऱ्या कोणी समाजसुधारणेला कायमचा रामराम ठोकला असता. गोदँने मात्र १८५९ पासून गीझ येथे, आपल्या कारखान्याच्या शेजारीच, ‘फामिलिस्तेर’ बांधावयास घेतले.

त्याची रचना आपल्या चाळीशी ताडून पाहण्यासारखी आहे. मध्ये चौक, भोवती मजल्यामजल्यावर सज्जे, सज्ज्यांत उघडणारी बिऱ्हाडे. परंतु चौकावर काचेचे छत. ऊन आत येई, पाऊस नव्हे. तळघरातील हवा चौकात खेळविलेली होती. प्रत्येक मजल्यावर नळ आणि केर टाकण्याची नळी होती. कपडे धुण्यासाठी १८७० मध्ये स्वतंत्र धुलाईघर बांधले गेले, त्यामुळे ओल आणि वाफ घरातून गेली. त्याच इमारतीतील तरणतलावाला कारखान्यातील उष्णतेने तापलेले पाणी मिळे; मुलांसाठी तलावाचा तळ वर उचलता येत असे. शिशुगृह, शाळा, दुकाने, नाट्यगृह हे सारे हाकेच्या अंतरावर होते. श्रीमंत जे नोकर ठेवून मिळवितो, ते कामगारांना एकत्र राहून मिळावे, हा गोदँचा हिशेब होता. झोलाला मात्र तेथे एकान्ताचा अभाव जाणवला. तो आक्षेप सर्वस्वी खोटा म्हणता येणार नाही.

तरीही मालक एकच होता. १८८० मध्ये गोदँने भांडवल व श्रम यांची संस्था स्थापिली. नफ्याचा वाटा कामगारांना भागांच्या रूपाने मिळू लागला आणि त्यातून कारखाना व घरे क्रमाने त्यांची व्हावयाची होती. तशी ती झालीही. परंतु सभेत मत देण्याचा अधिकार वरच्या श्रेणीच्या सभासदांनाच होता आणि त्यांना फामिलिस्तेरमध्ये राहणे आवश्यक होते. घरे मोजकी, उमेदवार पुष्कळ. घराचा प्रश्न अशा रीतीने सत्तेचा प्रश्न बनला आणि आतल्यांच्या मुलांना बाहेरच्यांपेक्षा झुकते माप मिळत गेले. गोदँ १८८८ मध्ये निवर्तला. त्याची सहचारिणी मारी मोरे हिने पुढे त्याचे लेखन संपादित केले. संस्था १९६८ पर्यंत टिकली. नंतर कारखाना कंपनीकडे गेला आणि बिऱ्हाडे एकेकट्याला विकण्यात आली.