विवेकनिष्ठ आगरकर

ईश्वर मानणे सोपे की न मानणे सोपे, असा प्रश्न कोणी केला तर न मानणेच सोपे, असे पुष्कळ लोक सांगतील. ईश्वर न मानणाऱ्यास उपास नको, व्रतवैकल्ये नकोत, सोवळेओवळे नको आणि पापाचे भयही नको. मग त्याला अवघड ते काय राहिले? वरवर पाहता हे म्हणणे कोणासही पटेल. परंतु गोपाळ गणेश आगरकर यांचे चरित्र वाचले म्हणजे या उत्तराचा फेरविचार करावा लागतो.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळील टेंभू या खेड्यात झाला. घरची स्थिती अत्यंत हलाखीची असल्यामुळे त्यांचे बालपण कऱ्हाडला आजोळी गेले. शिक्षणाची ओढ तीव्र होती, पण ते घेण्याचे साधन जवळ नव्हते. कधी कचेरीत कारकुनी, तर कधी दवाखान्यात औषधे देण्याचे काम, असे करीत त्यांनी दिवस काढले. शिकण्याची सोय होईल या आशेने ते रत्नागिरीस पायी गेले. तेथे निराशा पदरी पडताच माघारी आले. अखेर अकोल्यास नातलगांच्या आश्रयाने राहून १८७५ साली ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले.

पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना त्यांच्याजवळ एकच सदरा होता. तो रात्री धुऊन वाळत घालावयाचा आणि सकाळी तोच अंगात चढवावयाचा, असा त्यांचा क्रम असे. एम. ए. होण्याच्या सुमारास त्यांनी आईला एक पत्र लिहिले. मुलगा मोठ्या पगाराचा अंमलदार होईल आणि आपले दैन्य फिटेल, ही त्या माउलीची आशा होती. पोटापुरत्या मिळकतीत संतोष मानून सर्व आयुष्य लोकहितासाठी वेचण्याचा आपला निश्चय झाला आहे, हे त्यांनी तिला नम्रपणे कळविले. या त्यागाबद्दल परलोकी काही फळ मिळेल, अशी त्यांची समजूत नव्हती, हे येथे लक्षात ठेविले पाहिजे.

डेक्कन कॉलेजातच बाळ गंगाधर टिळक यांच्याशी त्यांचा स्नेह जडला होता. विष्णुशास्त्री चिपळूणकर व टिळक यांनी १८८० साली काढलेल्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ते शिक्षक झाले आणि १८८१ साली सुरू झालेल्या केसरीचे पहिले संपादक झाले. कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होत असल्याविषयी केसरी व मराठा या पत्रांत मजकूर प्रसिद्ध झाला. त्यावरून अब्रुनुकसानीचा खटला होऊन १८८२ साली टिळक व आगरकर या दोघांना मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज स्थापन झाले. या दोन्ही कार्यांतही आगरकरांचा मोठा वाटा होता.

मिल्ल व स्पेन्सर या इंग्रज तत्त्वज्ञांच्या ग्रंथांचा त्यांच्या मनावर खोल संस्कार झाला होता. कोणताही आचार केवळ जुना म्हणून स्वीकारावयाचा नाही; तो बुद्धीच्या कसोटीस उतरला तरच पाळावयाचा, हा त्यांचा बाणा होता. निसर्गातील प्रचंड शक्तींविषयी माणसाला वाटणारे भय व आश्चर्य यांतून देवतांच्या कल्पना निर्माण झाल्या, असे ते प्रतिपादन करीत. लोक त्यांना नास्तिक म्हणत. परंतु त्यांची भूमिका नेमकेपणाने सांगावयाची तर ती अज्ञेयवादाची होती. विश्वाचे आदिकारण मनुष्याच्या बुद्धीला आकळत नाही. जे आकळत नाही त्याविषयी ठाम सिद्धान्त सांगू नये, असे ते मानीत. नीतीला मात्र त्यांनी कधीही सैल सोडले नाही. सदाचरण हे नरकाच्या भयाने किंवा स्वर्गाच्या लोभाने करावयाचे नसून मनुष्याच्या सुखवृद्धीसाठी करावयाचे असते, असे त्यांचे मत होते.

या मतांची किंमत त्यांना लवकरच द्यावी लागली. आधी राजकीय स्वातंत्र्य की आधी सामाजिक सुधारणा, या वादात टिळकांशी मतभेद वाढले आणि १८८७ साली त्यांनी केसरी सोडला. दुसऱ्याच वर्षी त्यांनी स्वतःचे सुधारक हे पत्र काढले. बालविवाह, विधवांचे केशवपन, जातिभेद, अर्थशून्य विधी यांवर ते निर्भयपणे लिहू लागले. त्यामुळे पुण्यातील सनातनी मंडळी इतकी खवळली की, आगरकर जिवंत असतानाच त्यांच्या प्रतिमेची प्रेतयात्रा काढण्यात आली. ती त्यांच्या दारावरून नेल्याचे सांगतात. आपली अंत्ययात्रा डोळ्यांनी पाहूनही त्यांनी लेखणी खाली ठेविली नाही.

दम्याचा विकार त्यांना अनेक वर्षे जडलेला होता. रात्रीच्या रात्री बसून काढाव्या लागत. अशा वेळी भाविक मनुष्य देवाचा धावा करतो, नवस बोलतो, निदान आपले दुःख त्याच्या पायाशी ठेवून हलका होतो. आगरकरांनी हा विसावा स्वतःच नाकारला होता. त्यांच्या पत्नी यशोदाबाई जुन्या वळणाच्या होत्या. परंतु आपली मते त्यांनी पत्नीवर लादली नाहीत. विचारस्वातंत्र्याचा जो हक्क ते समाजाकडे मागत होते, तोच त्यांनी घरातही दिला.

१८९२ साली ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. अंगात रोग मुरलेला असतानाही अध्यापन व लेखन अखंड चालू होते. १७ जून १८९५ रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. आपल्या अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यासाठी लागणारे पैसे त्यांनी आधीच पुडीत बांधून ठेविले होते, असे सांगतात. मतभेदांमुळे दुरावलेल्या टिळकांनी केसरीत त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. तो लिहिताना त्यांना अश्रू आवरले नाहीत, अशी आठवण आहे.

यावरून श्रद्धा ही सोपी आणि अश्रद्धा ही अवघड, असा निष्कर्ष काढणेही उतावळेपणाचे होईल. आगरकरांच्याच काळी न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर हे प्रार्थनासमाजाचे थोर पुरुष एकेश्वरावर दृढ श्रद्धा ठेवून समाजसुधारणेसाठी झटत होते. लोकनिंदा त्यांच्याही वाट्यास आली. पुत्रशोकाच्या वेळी ईश्वराच्या दयाळूपणावर विश्वास ठेवणे हेही लहानसहान धैर्याचे काम नव्हे. सोपे असते ते इतकेच की, शेजारी हात जोडतो म्हणून आपण जोडावे, किंवा आळसाने सर्व सोडून देऊन त्याला सुधारणा म्हणावे. या दोहोंतही स्वतः विचार करण्याचे कष्ट नाहीत.

आगरकरांनी ते कष्ट घेतले. व्रते सोडली, पण कर्तव्य सोडले नाही. देवावर भार टाकण्याची सोय नाकारल्यावर तो सगळा भार त्यांनी आपल्या दुर्बळ देहावर घेतला आणि अखेरपर्यंत वाहिला. त्यांची मते आपणांस पटोत वा न पटोत. आपले मत, मग ते कोणतेही असो, विचारपूर्वक बनवावे आणि त्याप्रमाणे वागताना पडेल ती झीज सोसावी, हा धडा त्यांच्या चरित्रापासून प्रत्येकाने घेण्यासारखा आहे.