बिनपगारी वाटाड्या : डॉ. सलीम अली

सुरत म्हटली की मराठी माणसाला 1664 आणि 1670 ही दोन साले आठवतात. बडोद्याच्या जुन्या घराण्यांना त्याच वाटेवरचे सोनगडही आठवते, कारण गायकवाडांचे पहिले ठाणे तेथलेच. सुरतेहून तापीच्या कडेने पूर्वेकडे निघावे, मांडवी मागे टाकावी, सोनगड-व्यारा ओलांडावे, म्हणजे डांगचे रान सुरू होते. इतिहास वाचणारी आपली मंडळी बहुधा सोनगडच्या किल्ल्यापाशी थांबतात. ह्या रानात पाखरांचा हिशेब घेण्यासाठी जो गृहस्थ शिरला, त्याची ओळख मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच असेल.

आज हिवाळ्यात भल्या पहाटे सुरतेनजीकच्या गवियर तळ्यावर गळ्यात दुर्बीण अडकवलेली माणसे भेटतात. त्यांतला जाणता नवख्याला बदक दाखवतो, नाव सांगतो, आणि त्याबद्दल काही घेत नाही. रानात हिंडवून आणणारा असा हौशी वाटाड्या आता गावोगाव आढळतो. ही चाल आपल्याकडे ज्यांच्यामुळे रुजली, त्यांत डॉ. सलीम अली ह्यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. वाटाड्याचे काम ही त्यांची पहिली नोकरी होती. ती सुटली, पण काम आयुष्यभर सुटले नाही.

सलीम अलींचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईस झाला. भावंडांत ते शेंडेफळ. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. मामा अमीरुद्दीन तैयबजी ह्यांनी त्यांना वाढवले. हे तैयबजी घराणे मूळचे खंबायतचे, म्हणजे गुजरातेतलेच. मामा शिकारी, भाच्याच्या हाती छर्ऱ्याची बंदूक आली. एके दिवशी त्याने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. हिचे नाव काय, हे घरात कोणालाच सांगता येईना. मामांनी चिठ्ठी देऊन मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तेथले चिटणीस मिलर्ड साहेब. त्यांनी त्या पोराला हटकले नाही. चिमणीचे नाव सांगितले आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण एकामागून एक उघडून दाखवले. पुढे जे घडले त्याचे बीज त्या तासाभरात पडले.

कॉलेजचा अभ्यास नीट झाला नाही. ब्रह्मदेशात तव्हॉय येथे घरच्यांचा खाणीचा व लाकडाचा व्यापार होता. तेथे काही वर्षे गेली. व्यापार बुडाला, पाखरांचा नाद मात्र वाढला. 1918 साली तेहमिनाबाईंशी विवाह झाला. मुंबईस परतल्यावर नोकरी शोधावी, तर पदरी विद्यापीठाची पदवी नाही. त्यामुळे सरकारी प्राणिशास्त्र खात्याचे दार बंदच राहिले. अखेर 1926 साली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या निसर्गविभागात मार्गदर्शक-व्याख्याता ही जागा मिळाली. पगार दरमहा 350 रुपये. शाळेतली मुले व इतर मंडळी येत, त्यांना काचेमागचे प्राणी दाखवत हिंडायचे, हे काम.

दोन वर्षांनी रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि प्रोफेसर स्ट्रेझमान ह्यांच्यापाशी शास्त्रशुद्ध पद्धत शिकले. 1930 साली परत येऊन पाहतात तो पैशाअभावी त्यांची जागाच काढून टाकलेली! शिक्षण पुरे झाले आणि नोकरी गेली. मुंबईचा खर्च झेपेना म्हणून पतिपत्नी अलिबागजवळ किहीमला राहावयास गेली. तेथे घराजवळच सुगरणींची वसाहत होती. सलीम अली दिवसचे दिवस आडोशाला बसून पाहत राहिले. नर अर्धवट घरटे विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तर राहते. मग नर दुसरे घरटे विणावयास घेतो. एकेका नराचे असे अनेक संसार असतात, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहून मांडले. कोकणात सुगरण कोणी पाहिली नव्हती? पण इतका वेळ बसून पाहणारा हाच पहिला निघाला.

ह्यानंतर त्यांनी एक विलक्षण योजना आखली. देशी संस्थानांतल्या पाखरांची पाहणी झालेली नव्हती. दरबारांनी प्रवासाचा व तळाचा खर्च द्यावा, आपण वेतन घेणार नाही, अशी त्यांची बोली होती. निजामाच्या राज्यापासून सुरुवात झाली. मग त्रावणकोर-कोचीन, ग्वाल्हेर-इंदूर-भोपाळ, कच्छ, आणि 1940 नंतरच्या दशकात आपले बडोदे. तेहमिनाबाई तंबूतला संसार सांभाळीत. 1939 साली त्या एका साध्या शस्त्रक्रियेनंतर वारल्या, आणि पुढचा प्रवास त्यांना एकट्याने करावा लागला. बडोदे संस्थानासाठी केलेल्या पाहणीतच ते आपल्या मुलखाच्या दक्षिण टोकाला, सुरतेच्या बाजूला आणि डांगच्या रानात पोचले. त्या पाहणीचा वृत्तांत 1954-55 साली सोसायटीच्या नियतकालिकात आला. तोवर बडोदे संस्थान 1949 सालीच विलीन झाले होते. दरबार गेला, पण दरबारच्या खर्चाने झालेली पाखरांची वही उरली.

ह्या वहीचे मोल कशात असते, ते सुरत जिल्ह्यातल्याच एका प्रकरणावरून कळते. रानपिंगळा नावाचे लहानसे घुबड 1884 नंतर खात्रीने कोणाच्या हाती लागले नव्हते. कर्नल माइनर्टझागेन ह्या नामांकित इंग्रज पक्षितज्ज्ञाने मात्र आपण 1914 साली तापीकाठच्या मांडवीस ते मिळवले, असे सांगितले. नमुना होता, त्यावर चिठ्ठी होती. मग कोण शंका घेणार? मांडवीचे नाव ग्रंथांत शिरले आणि शोधणाऱ्यांना चुकीची वाट दाखवीत राहिले. हा कर्नल 1937 साली अफगाणिस्तानच्या मोहिमेत सलीम अलींचा सोबती होता आणि आपल्या रोजनिशीत त्याने ह्या सोबत्याविषयी अतिशय तुच्छतेने लिहिले. सलीम अलींनी ते लिखाण आपल्या 1985 सालच्या आत्मचरित्रात स्वतःच छापून टाकले. स्वतःविषयीची प्रतिकूल नोंदसुद्धा दडवायची नाही, असा हा माणूस.

त्यांच्या मृत्यूनंतर खरे ते उघडकीस आले. मांडवीचा तो नमुना खानदेशात डेव्हिडसन ह्यांनी 1880 नंतरच्या वर्षांत मिळवलेला, ब्रिटिश संग्रहालयातून चोरून नव्याने भरलेला निघाला. नोव्हेंबर 1997 मध्ये रानपिंगळा जिवंत सापडला, तो नंदुरबारकडच्या शहाद्याजवळ. आणि 2015 साली प्रसिद्ध झालेल्या नोंदीने तो डांगच्या पूर्णा अभयारण्यातही असल्याचे दाखवले. म्हणजे सुरतेच्या रानाला रानपिंगळा मिळाला खरा, पण खोट्या चिठ्ठीमुळे नव्हे. कोणीतरी पायी हिंडून पाहिले म्हणून.

सलीम अलींचा उत्तरकाळ मानसन्मानाचा होता. 1941 साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक निघाले आणि सामान्य वाचकाच्या हाती पाखरांची ओळख आली. रिप्ले ह्यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा महाग्रंथ 1974 साली पुरा झाला. भरतपूरचे पाणपक्षी आणि केरळातले सायलेंट व्हॅली ह्यांच्या रक्षणासाठी त्यांनी आपला शब्द खर्च केला. 1976 साली पद्मविभूषण मिळाले. त्याच सुमारास लाभलेले आंतरराष्ट्रीय पारितोषिकाचे 50,000 डॉलर त्यांनी सोसायटीला देऊन टाकले. शास्त्रासाठी त्यांनी पुष्कळ पाखरे मारली, हेही सांगितले पाहिजे. त्यांनी ते कधी लपवले नाही. 20 जून 1987 रोजी नव्वदी ओलांडून ते निवर्तले.

गवियरच्या काठी एखाद्या सकाळी वाचकांनी अवश्य जावे, नातवंडांना न्यावे. दूरचे पाखरू ओळखू आले नाही तर चांगला वाटाड्या तसे स्पष्ट सांगतो, अंदाजाने नाव ठोकून देत नाही. मिलर्ड साहेबांनी एका पोरासाठी खण उघडले, त्या पोराने साऱ्या देशासाठी उघडले. त्याची किंमत कोणी मागितली नाही. मात्र जे पाहिले तेवढेच खरे सांगावे, एवढे ऋण ते ऐकणाऱ्यावर राहते.