गोविंद बल्लाळ देवल : वर्ग आणि तालीम

मराठी रंगभूमीच्या इतिहासात गोविंद बल्लाळ देवल यांचा उल्लेख प्रामुख्याने ‘शारदा’कार म्हणून होतो. नाट्यशिक्षक देवलांचा विचार त्या मानाने कमीच झाला आहे. माध्यमिक शिक्षणातील नाट्याच्या स्थानाचा विचार करताना मात्र हे दुसरे देवल अधिक महत्त्वाचे ठरतात.

१३ नोव्हेंबर १८५५ रोजी जन्मलेल्या देवलांचे बालपण सांगलीनजीकच्या हरिपुरात गेले. शिक्षण बेळगावास झाले. तेथेच त्यांना अण्णासाहेब किर्लोस्करांचा सहवास लाभला आणि मॅट्रिकनंतर काही काळ त्यांनी तेथील हायस्कुलात अध्यापनही केले. तत्कालीन इंग्रजी शिक्षणामुळे सुशिक्षितांना कालिदास आणि शेक्सपिअर यांचा परिचय होत होता. तथापि तो अन्वय, अर्थ आणि परीक्षा यांपुरताच मर्यादित होता. नाटक उभे कसे राहते, हे देवल वर्गात नव्हे, तर किर्लोस्करांच्या सान्निध्यात शिकले.

पुढील लेखनात त्यांनी या दोन्ही शिक्षणांची सांगड घातली. ‘दुर्गा’ (१८८६) आणि ‘ऑथेल्लो’वर आधारलेले ‘झुंझारराव’ (१८९०) ही इंग्रजी नाटकांची, तर ‘मृच्छकटिक’ हे शूद्रकाच्या नाटकाचे रूपांतर होय. अभ्यासाचे ग्रंथ त्यांनी बोलक्या मराठीत आणून प्रेक्षकांच्या स्वाधीन केले.

हीच शिक्षकवृत्ती त्यांच्या तालमींत दिसते. शब्दोच्चाराची शुद्धता, वाक्यातील आघाताचे नेमके स्थान आणि अभिनयातील स्वाभाविकता यांवर त्यांचा कटाक्ष असे. गणपतराव बोडस, बालगंधर्व यांसारख्या नटांना त्यांच्या मार्गदर्शनाचा लाभ झाला. परंतु त्या काळी नाटक मंडळ्यांत दाखल होणाऱ्या अनेक मुलांचे शालेय शिक्षण अर्धवटच राहत असे. शाळेतील मुलाला संहिता मिळे, प्रयोग मिळत नसे. मंडळीतील मुलाला प्रयोग मिळे, शाळा सुटे. देवलांचे कार्य या दुभंगलेल्या व्यवस्थेतच घडले.

‘शारदा’ (१८९९) या त्यांच्या एकमेव स्वतंत्र नाटकाला या दृष्टीने वेगळा अर्थ प्राप्त होतो. जरठविवाहाच्या संकटात सापडलेली शारदा ही आजच्या माध्यमिक शाळेतील मुलीच्या वयाची आहे. तिला शाळा नव्हती आणि रंगमंचही नव्हता. तिची भूमिकादेखील पुरुषनटच करीत. जिला स्वतःच्या विवाहाविषयी बोलण्याचा अधिकार नव्हता, तिचे दुःख देवलांनी सर्वांसमक्ष बोलते केले. नाट्याचे शैक्षणिक सामर्थ्य याहून वेगळे सांगण्याची गरज नाही.

१४ जून १९१६ रोजी देवलांचे निधन झाले. ‘संशयकल्लोळ’ संगीत रूपात रंगभूमीवर आले ते त्यानंतर. आज छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. शालेय पाठ्यपुस्तकांतही नाट्यउतारे असतात. पण बहुधा ते वाचून, प्रश्नोत्तरे लिहून संपतात. वर्ग आणि तालीम यांतील जे अंतर देवलांनी एकट्याने ओलांडले, ते शाळेनेच मिटवावे, हीच त्यांच्या चरित्रातून निघणारी अपेक्षा होय.